बर्ल हेन्सलीच्या चाकूचं पातं

डेटन, ओहायो
९ एप्रिल १९८४

ऑर्फा मावशी,

बर्ल काकांचा चाकू कबरीत नाही. हे पत्र लिहितोय त्याच कागदाशेजारी, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो पडला आहे. आणि हे मी एकटा म्हणत नाही. होबार्ट फुल्ट्झने पातं उघडून पाहिलं आणि ओळखलं. होबार्ट तुला आठवत असेल. कोर्टासमोरच्या बाकावर बसून काकांशी वर्षानुवर्षं चाकूंची अदलाबदल करायचा. आता मुलीकडे इथे राहतो. तो म्हणाला, "हे पातं बर्लचं नसेल तर मी माझी कवळी चावून खाईन."

काल रविवारी फेअरग्राउंडच्या हॉलमध्ये जुन्या खिशातल्या चाकूंच्या संग्राहकांचं प्रदर्शन होतं. मी दरवर्षी जातो. दाराजवळच्या टेबलावर क्लॉइड बीझली नावाच्या माणसाने लाल मखमलीवर वीसएक घडीचे चाकू मांडले होते. त्यात एक तपकिरी हाडाच्या मुठीचा, दोन पात्यांचा दिसला. न्यूयॉर्क राज्यातल्या बंद पडलेल्या कारखान्याचा माल. सहज मोठं पातं उघडलं आणि हात तिथेच थांबला. पात्याच्या पाठीवर तो अर्धचंद्र! खाणीतल्या बॅटरीच्या तारेला चाकू टेकला आणि ठिणगीने पोलाद वितळलं, ती गोष्ट काका दर थँक्सगिव्हिंगला सांगायचे. पात्याच्या मुळाशी सुईने कोरलेली बी आणि एच ही अक्षरंही आहेत. एच कुणीतरी घासून पुसट केलंय.

मी विचारलं, "हा कुठून आला?"

"कारखान्यातून," बीझली म्हणाला.

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर माझ्या टेबलावर. भाऊ, तुला चाकू घ्यायचाय की त्याच्याशी सोयरीक जुळवायचीय?"

जास्त विचारलं असतं तर त्याने तो उचलून आत टाकला असता. म्हणून मुकाट्याने विकत घेतला. मूठ घासून आरशासारखी केली आहे. चोरीचा माल ओळखू येऊ नये म्हणून या धंद्यातली माणसं हेच करतात. टोकही थोडं घासून पातं आखूड केलंय.

फेब्रुवारीत तू काकांच्या कोटाच्या खिशात चाकू ठेवलास ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. शवपेटीचं झाकण त्यानंतर बऱ्याच वेळाने बंद झालं. मधल्या वेळात पेटीपाशी एकटं कोण होतं, ते नीट आठवून कळव. दुकानातल्या फोनवर हे बोलायला नको, तिथे कॉफी प्यायला आलेला प्रत्येक जण ऐकतो.

तुझा,
लोवेल

*

लॉरेल फोर्क, केंटकी
१६ एप्रिल

लोवेल,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मग चूल न पेटवताच बसून राहिले. रानकांदे चिरून ठेवले होते ते तसेच सुकले.

चाकू मी माझ्या हाताने ठेवला. उजव्या खिशात, जिथे तो चाळीस वर्षं असायचा. लग्नाच्या वर्षी अंडी विकून मीच तो त्याला घेऊन दिला होता. बिनचाकूचा बर्ल मी कधी पाहिला नाही, मग जमिनीत तरी तसा कसा पाठवणार?

रात्रभर पेटीपाशी चर्चमधली माणसं बसून होती, त्यांच्यावर मी संशय घेणार नाही. पहाटे ती गेली आणि डोर्सी आला. पोटचा पोरगा आहे, त्याला दार बंद करता येईना. म्हणाला, "मला बापाजवळ थोडं एकटं बसू दे." मी बसू दिलं.

तू तेव्हा लहान नव्हतास, चांगला मोठा होतास, तुला सगळं माहीत आहे. आम्ही सगळे संपावर असताना डोर्सी कंपनीच्या गाडीत बसून खाणीत गेला. त्याच आठवड्यात खाणीच्या फाटकापाशी मारामारीत तुझ्या लेस्टर मामाचा डोळा गेला. त्या दिवसापासून बर्ल डोर्सीशी बोलला नाही आणि मीही नाही. त्याचं लग्न झालं, पोरगी झाली, मी ते दुकानात ऐकलं.

रीतीने बापाचा चाकू थोरल्या मुलाकडे जातो. डोर्सीने पेटीपाशी तो मागितला होता. मी नाही म्हटलं. आता तूच विचार कर.

पण आणखी एक विचार माझ्या मनात आला, तो लपवून ठेवत नाही. झाकण लावायच्या आधी सगळ्यांत शेवटी पेटीवर वाकलेला माणूस तू होतास. टाय सरळ करत होतास म्हणालास. जुन्या चाकूंचं वेड आमच्या घराण्यात तुलाच आहे. चोर दुसऱ्याकडे बोट दाखवत आधी ओरडतो, असंही मी पाहिलं आहे.

तू तसा नाहीस असं मला वाटतं. पण वाटणं आणि असणं यातलं अंतर मी या वयात शिकले आहे.

ऑर्फा

*

डेटन
२० एप्रिल

मावशी,

टाय खरंच वाकडा होता. मी चोर असतो तर चाकू सापडल्याचं तुला कळवायचा मूर्खपणा केला असता का? तुझं पत्र वाचून माझी बायको हसली, मला मात्र हसू आलं नाही.

शनिवारी गाडी काढून बीझलीच्या घरी गेलो. त्याने दार अर्धवटच उघडलं.

"तो चाकू परत घ्यायचा नाही," म्हणाला.

"परत द्यायला आलो नाही. कुणाकडून घेतलास तेवढं सांग."

"तुमच्याच डोंगरातल्या माणसाकडून. कोळशाच्या धुळीने काळी झालेली नखं आणि तोंडात तंबाखू."

"नाव?"

"नावं विचारत बसलो असतो तर मी पाद्री झालो असतो, चाकूवाला नाही."

आणि दार बंद. मावशी, कोळशाने काळी झालेली नखं! आपल्या भागात अशी माणसं ढिगाने आहेत हे मलाही कळतं. पण पेटीपाशी एकटा बसलेला, चाकू मागून नाही मिळालेला आणि अजून खाणीत कामाला जाणारा, असा त्यांच्यात एकच. त्याने हिवाळ्यात पिकअप घेतली असंही कानावर आलंय. मी कुणाचं नाव घेत नाही. तू ते घेतलंसच आहेस.

चाकू मी रुमालात गुंडाळून कपाटात ठेवला आहे. तू म्हणशील तेव्हा आणून देईन.

लोवेल

*

लॉरेल फोर्क
३० एप्रिल

लोवेल,

नऊ वर्षांनी मी डोर्सीच्या अंगणात पाऊल टाकलं. आत गेले नाही. तो पिकअपखाली पडून काहीतरी आवळत होता. माझे बूट दिसले तसा बाहेर सरकला. तोंडावर तेल, हातात पाना.

"आई? कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. बापाचा चाकू कुठे आहे?"

"तू ठेवलास तिथे."

"लोवेलने तो डेटनला विकत घेतला. पात्यावर अर्धचंद्र आहे आणि अक्षरं आहेत."

त्याचा चेहरा उतरला, लोवेल. मी आई आहे, मला दिसलं. तो काहीतरी बोलणार होता. मग त्याने पाना पँटला पुसला. म्हणाला, "मी चोरला नाही. याच्यापुढे मला काही सांगता येणार नाही."

"सांगता येणार नाही की सांगायचं नाही?"

"दोन्ही."

खिडकीतून एक लहान पोरगी बघत होती. माझ्यासारखंच रुंद कपाळ. मी मान फिरवली.

मी त्याला सांगितलं, यंदाच्या डेकोरेशनला कबरस्तानात येऊ नकोस. मेअखेरीच्या त्या रविवारी सगळं गोत जमतं, कबरींवर फुलं वाहतं, गवतावर पंगत बसते. इतकी वर्षं तो कडेला झाडाखाली उभा राहायचा आणि आम्ही तो दिसला नाही असं दाखवायचो. यंदा तेही नको म्हटलं. त्याने पाना जमिनीवर टाकला, एवढंच.

आता दुसरं. एवढ्यावर माझं समाधान होत नाही. पाद्री बेग्लींशी बोलले. कबर उघडायला काउंटीची परवानगी लागते, तिचा अर्ज केला आहे. डेकोरेशनच्या आधी उकरून बघायचं. खिसा रिकामा निघाला तर डोर्सी माझा कुणी नाही, हे मी सगळ्या गोतासमोर सांगणार आहे.

तुझ्याकडच्या चाकूला पॉलिश केलंय म्हणालास. मुठीची जळकी बाजू तेवढी पुसली गेली नसेल अशी आशा आहे. बर्ल मुठीच्या टोकाने पाइपातला निखारा दाबायचा. तिथलं हाड काळं पडून खोलगट झालं होतं, माझा अंगठा बसायचा त्यात. तेवढं शिल्लक असेल तर मला पुरे.

ऑर्फा

*

लॉरेल फोर्क
३ मे

लोवेल,

तुझ्या पत्त्यासाठी दुकानदारापुढे तोंड वेंगाडावं लागलं, म्हणून आधी त्याचे आभार मान.

तर तू मला चोर ठरवलंस. बसल्या जागी, तीनशे मैलांवरून. पिकअप मी हप्त्यावर घेतली आहे, हवं तर बँकेत विचार. चाकू विकून पिकअप येत असती तर आपल्या खोऱ्यात एकही माणूस पायी चालला नसता.

तू म्हणे चाकूंचा जाणकार. प्रदर्शनांत हिंडतोस, भिंगातून बघतोस. मग एकदा मूठ बघ ना, शहाण्या! पातं बघितलंस, अक्षरं बघितलीस आणि माझ्या गळ्यात दोर टाकलास. मूठ कुणी बघायची? तुझ्या बायकोने?

यापेक्षा जास्त मी लिहिणार नाही. एका माणसाला शब्द दिलाय आणि तो माणूस आता मला त्यातून मोकळं करायला येऊ शकत नाही. आईपुढेही तोंड उघडलं नाही ते त्याच्यासाठी. तिला वाटतंय मी घाबरलो. वाटू दे.

पण ती बापाला उकरायला निघाली आहे. हे तू सुरू केलंस, तूच थांबव. त्याने आयुष्यभर जमिनीखाली काम केलं. आता तरी त्याला तिथे स्वस्थ पडू द्या.

डोर्सी हेन्सली

*

डेटन
८ मे

मावशी,

हे पत्र मिळताच पहिलं काम म्हणजे काउंटीतला अर्ज मागे घे. बाकीचं मग वाच.

मुठीवर जळका भाग नाही. पॉलिशने गेला असेल असं मी दोन दिवस स्वतःला समजावत होतो. मग डोर्सीचं पत्र आलं, त्यात दोन शिव्या आणि एक शहाणपणाची गोष्ट होती. चाकू घेऊन होबार्टकडे गेलो.

"मूठ बघ," म्हटलं.

"मूठ काय बघायची? पातं बर्लचं आहे की."

"होबार्ट, मूठ बघ."

त्याने चष्मा बदलला. निखाऱ्याने हाड खोलगट झालं असतं तर ते सपाट करायला मूठ निम्मी घासावी लागली असती. ही पूर्ण जाडीची आहे. पातं ज्या खिळीवर फिरतं ती खीळही नवी आहे, तिच्याभोवती हातोडीच्या ताज्या खुणा आहेत. म्हणजे हा चाकू उघडून त्यात दुसऱ्या चाकूचं पातं बसवलंय. होबार्टने चाकू मिटून टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "आम्ही चाकू हातात घेतला की पातं उघडतो आणि कारखान्याचा शिक्का शोधतो. ते जुळलं की आमचं बघणं संपतं. पोरा, तुला मी तोंडावर पाडलं."

त्याने पाडलं नाही, मी स्वतःच पडलो. पॉलिश दिसलं, चोरी म्हटली. पातं आखूड दिसलं, चोरी म्हटली. बीझलीने दार लावलं, तीही चोरी. जे दिसेल ते मी डोर्सीच्या नावावर टाकत गेलो.

काकांचं पातं माझ्याकडे आहे, हे खरं. पण डोर्सीने मूठ बघ म्हटलं ते उगाच नसणार. त्यांची मूठ, तुझा अंगठा बसायचा ती, दुसरं पातं घेऊन त्यांच्या खिशातच असली पाहिजे. काका हयात असतानाच कुणीतरी पातं बदललेलं असणार. तुमच्याकडे चाकू दुरुस्त करणारा माणूस कोण? त्याला गाठ. डोर्सीला विचारू नकोस. तो सांगणार नाही आणि मला आता वाटतं, त्याने सांगूही नये.

लोवेल

*

लॉरेल फोर्क
२३ मे

लोवेल,

कबर उघडली नाही. परवानगीचा कागद आला होता. तुझं पत्र त्याच्या आदल्या दिवशी आलं. बेग्ली विचारत होते, माणसं कधी बोलवायची. मी म्हटलं, थांबा.

चाकू दुरुस्त करणारा एकच आहे, एस्टिल रड, पुलापलीकडचा. बर्लचा बालमित्र. गेले तेव्हा पडवीत बसून कात्रीला धार लावत होता, नखं भट्टीच्या कोळशाने काळी. मला बघून त्याने धार लावायचा दगड खाली ठेवला.

"ऑर्फा, मला वाटलंच होतं तू कधीतरी येशील."

"बर्लच्या चाकूचं पातं तू बदललंस?"

"गेल्या ऑक्टोबरमध्ये. टोक मोडलं होतं. मुठीला हात लावू नकोस म्हणाला, फक्त दुसरं पातं घाल, असं की ऑर्फाला कळता कामा नये. जुनं पातं माझ्याकडे पडून होतं. तो गेल्यावर मी ते घासून दुसऱ्या एका मुठीत बसवलं आणि डेटनकडून येणाऱ्या फिरत्या व्यापाऱ्याला दिलं. असं कुणाच्या घरावर येईल हे माझ्या डोक्यात आलं नाही."

"चाळीस वर्षांत त्याने शंभर वस्तू मोडल्या. कधी लपवल्या नाहीत. ही का लपवली?"

एस्टिल तंबाखू चघळत राहिला. मी हलत नाही असं पाहून म्हणाला, "खिडकी उघडताना मोडलं. रंगाने चिकटून बसली होती."

"आमच्या घरात अशी खिडकी नाही."

"तुमच्या घरातली नव्हे."

"मग कुणाच्या?"

"डोर्सीच्या पोरीच्या खोलीतली. पोरगी आजारी होती, गरम होतंय म्हणून रडत होती. बर्लने पातं फटीत घातलं आणि जोर केला."

मी पायरीवर बसले. एस्टिल पाणी आणायला उठला, मी नको म्हटलं. सगळं एकदम सांग म्हटलं. मग त्याने सांगितलं. दोन वर्षं बर्ल दर आठवड्याला डोर्सीकडे जात होता. मला सांगायचा, कोर्टासमोर चाकूंच्या अदलाबदलीला चाललो. मी त्याच्या डब्यात मक्याचा पाव बांधून द्यायचे. तो त्या पोरीने खाल्ला.

"मला का सांगितलं नाही त्याने?" मी विचारलं.

एस्टिल म्हणाला, "म्हणायचा, लेस्टरचा डोळा गेला तो तिच्या भावाचा गेला. मी माफ केलं तर ती मला माफ करणार नाही. तिच्या मनातून उतरण्यापेक्षा खोटं बोलणं सोपं आहे. डोर्सीकडून त्याने तसा शब्द घेतला होता."

लोवेल, मी घरी येऊन बर्लवर ओरडले. रिकाम्या घरात, मोठ्याने. तुला वाईट वाटेल असे शब्द वापरले. नंतर बटाटे सोलायला घेतले, कारण दुसरं काय करणार.

कबर उकरून खिसा बघितला असता तर शंभर टक्के कळलं असतं. मूठ आत आहे, हे अजूनही मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. एस्टिलचा शब्द आहे, तुझी नवी खीळ आहे आणि डोर्सीचं न बोलणं आहे. महिन्यापूर्वी मला एवढं पुरलं नसतं. परवानगीचा कागद मी चुलीत घातला.

डोर्सीकडे मी गेले नाही. त्याच्या अंगणात काय बोलून आले ते मला पाठ आहे, ते ओलांडून पुन्हा त्याच फाटकातून आत जायला माझे पाय तयार होत नाहीत. पण एस्टिलकडून निरोप पाठवला, की पात्याचं मला कळलं, कुणाची खिडकी तेही कळलं. काल उलट निरोप आला. गोतासमोर तो येणार नाही. मी नको म्हटलं ते त्याने ऐकलंय, असं म्हणाला. रविवारी सगळे पांगल्यावर पोरीला घेऊन बापाच्या कबरीवर फुलं ठेवून जाईल. तोपर्यंत मी घरी गेलेली असेन, असं तो धरून चाललाय.

तू रविवारी ये. पातं आण, पण पंगतीत खिशातून काढू नकोस. लेस्टर समोरच बसेल, त्याच्याशी मी स्वतः बोलणार आहे आणि ते सोपं जाणार नाही. तू गप्प बस, चिकन खा, कुणी डेटनच्या चाकूबद्दल विचारलं तर चुकीचा निघाला म्हण.

दुपार कलली की बायका टोपल्या आवरतात आणि गाड्या एकेक करून उतारावरून खाली जातात. बेग्ली मला घरी सोडतो म्हणतील, त्यांना नाही म्हणायचं मी ठरवलं आहे. तू मात्र फाटकाबाहेर गाडीत थांब. माझ्यासाठी एक घडीची खुर्ची बर्लच्या उशाशी ठेवून जा, आणि तिच्याशेजारी दुसरी, लहान मुलाला चढता येईल एवढ्या उंचीची.

तुझी,
ऑर्फा मावशी